वेब एपीआयला पहिली प्रमाणित विनंती

वेब एपीआयला केलेली प्रमाणित विनंती म्हणजे एखाद्या संगणकीय सेवेकडे, आपण कोण आहोत याचा पुरावा सोबत जोडून, महाजालावरून केलेली मागणी होय. एपीआय हा ‘ॲप्लिकेशन प्रोग्रॅमिंग इंटरफेस’ या नावाचा संक्षेप आहे. एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडे काय मागावे, कोणत्या शब्दांत मागावे आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, याविषयीचा तो एक ठराव असतो. वेब एपीआयमध्ये ही देवघेव एचटीटीपी या नियमसंचानुसार होते. म्हणजे ब्राउझर संकेतस्थळाचे पान ज्या मार्गाने मागवतो त्याच मार्गाने, फक्त उत्तरात सजवलेल्या पानाऐवजी कोरी माहिती येते.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याच्या दृष्टीने पहिली यशस्वी विनंती हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. तोपर्यंत स्वतःच्या संगणकापुरता चालणारा प्रोग्रॅम तेथून पुढे बाहेरच्या, दररोज बदलणाऱ्या माहितीशी जोडला जातो. बहुतेकांची पहिली विनंती मात्र फसते आणि फसण्याची कारणे ठरावीक असतात. प्रस्तुत लेखात भारत सरकारच्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या खुल्या माहितीच्या मंचावरील बाजारभावांचा एपीआय उदाहरणादाखल घेतला असून पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या संदर्भात विवेचन केले आहे. प्रत्यक्ष विनंती रोमन लिपीत लिहावी लागते. येथे तिचे घटक उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

ओळख आणि अधिकार

प्रमाणीकरण आणि अधिकारदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विनंती करणारा कोण आहे हे ठरवणे म्हणजे प्रमाणीकरण. त्या व्यक्तीला मागितलेली गोष्ट देता येते की नाही हे ठरवणे म्हणजे अधिकारदान. बँकेच्या खिडकीवर पासबुक दाखवल्याने खातेदार ओळखला जातो, परंतु त्यामुळे त्याला दुसऱ्याच्या खात्यातील रक्कम काढता येत नाही. वेब एपीआयमध्येही हे दोन प्रश्न एकापाठोपाठ विचारले जातात आणि कोणत्या प्रश्नाशी विनंती अडली हे ओळखता आले, तर दुरुस्तीचे निम्मे काम होते.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीसाठी ओळख कशाला, हा नवशिक्याचा रास्त प्रश्न असतो. खुल्या माहितीच्या बाबतीत ओळख मागण्याचा हेतू बहुधा गुप्तता हा नसतो. कोण किती वेळा माहिती मागतो याचा हिशेब ठेवणे, एकाच वापरकर्त्याच्या अविचारी प्रोग्रॅममुळे सर्व्हर कोलमडू न देणे आणि गैरवापर झाल्यास तेवढ्याच वापरकर्त्याला थांबवता येणे, ही त्यामागील कारणे आहेत.

पार्श्वभूमी

एचटीटीपीच्या १.० आवृत्तीचे वर्णन मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द पाठवण्याची ‘बेसिक’ पद्धत त्यातच होती. रॉय फिल्डिंग यांनी २००० साली आपल्या प्रबंधात ‘रेस्ट’ ही रचनाशैली मांडली व पुढील काळात बहुसंख्य वेब एपीआय तिच्या प्रभावाखाली घडले. परवलीचा शब्द तिसऱ्या पक्षाच्या हाती न देता मर्यादित अधिकार देणारी ‘ओऑथ २.०’ ही व्यवस्था ऑक्टोबर २०१२ मध्ये निश्चित झाली.

भारतात याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व सुलभता धोरण अधिसूचित केले आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने डेटा डॉट गव्ह डॉट इन हा मंच उभारला. मंचावरील अनेक माहितीसंच फाइल म्हणून उतरवता येतात, तसेच एपीआयद्वारेही मागवता येतात. दुसऱ्या मार्गासाठी एपीआय-की लागते.

बाजारभावांचा माहितीसंच

या मंचावर विद्यार्थ्यांकडून सरावासाठी नेहमी वापरला जाणारा एक संच म्हणजे देशभरातील बाजार समित्यांमधील शेतमालाचे चालू दैनिक भाव. त्याचा स्रोत ‘ॲगमार्कनेट’ हे जाळे असून ते २००० साली केंद्रीय कृषी मंत्रालयाने सुरू केले. संचातील प्रत्येक नोंदीत राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, प्रत, आवकेची तारीख, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे स्तंभ असतात. दर प्रतिक्विंटल रुपयांत दिलेले असतात. ‘सर्वसाधारण दर’ ही महाराष्ट्रातील बाजार समित्यांची रूढ संज्ञा असून इंग्रजी तक्त्यात तिच्या जागी ‘मोडल’ दर असतो. किमान आणि कमाल यांची सरासरी म्हणजे सर्वसाधारण दर नव्हे. त्या दिवशी अधिकांश मालाला जो भाव मिळाला तो सर्वसाधारण दर. हा फरक विसरल्यास पुढील सर्व गणित चुकते.

डहाणू परिसरात हा संच शोधणाऱ्याचे लक्ष साहजिकच चिकूकडे जाते. घोलवड, बोर्डी, डहाणू या किनारी पट्ट्यात चिकूच्या वाड्या आहेत. ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कीची प्राप्ती

मंचावर नोंदणी करून खाते उघडल्यानंतर खात्याच्या पानावर वापरकर्त्याची स्वतःची एपीआय-की मिळते. ही अंक व अक्षरांची लांबलचक मालिका असते. तिला काही अर्थ नसतो आणि ती लक्षात ठेवणेही अपेक्षित नसते. की नक्कल करताना शेवटचे एखादे अक्षर सुटणे किंवा मागे एक रिकामी जागा चिकटून येणे ही अपयशाची अगदी नेहमीची कारणे आहेत. रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण सर्व्हरच्या दृष्टीने ती कीचाच भाग ठरते.

नोंदणी न करता एपीआय चाचपून पाहता यावा म्हणून मंच एक नमुना-कीही देतो. तिच्यावर एका वेळी जास्तीत जास्त दहाच नोंदी मिळतात. ही मर्यादा निरुपद्रवी वाटते, परंतु तिच्यामुळे होणारी चूक गंभीर असते. तिचे विवेचन पुढे केले आहे.

विनंतीची रचना

विनंतीत प्रथम कृतीचे नाव असते. माहिती फक्त वाचायची असल्यास ‘गेट’ ही कृती वापरतात. त्यानंतर पत्ता येतो: सेवेच्या यजमानाचे नाव, त्यापुढे ‘रिसोर्स’ हा शब्द आणि मग संचाचा ओळखक्रमांक. पत्ता संपल्यावर प्रश्नचिन्ह येते व त्यापुढे नाव-मूल्य अशा जोड्या लिहिल्या जातात. नाव आणि मूल्य यांच्यामध्ये ‘=’ तर दोन जोड्यांच्या मध्ये ‘&’ हे चिन्ह असते. बाजारभावांच्या विनंतीत ‘एपीआय-की’, उत्तराचे स्वरूप सांगणारा ‘फॉरमॅट’, नोंदींची संख्या सांगणारा ‘लिमिट’, किती नोंदी वगळून सुरुवात करायची हे सांगणारा ‘ऑफसेट’ आणि राज्य किंवा शेतमालानुसार निवड करणारा ‘फिल्टर्स’ हे घटक येतात. फिल्टर्सच्या पुढे चौकोनी कंसात स्तंभाचे नाव लिहायचे असते.

उत्तरासाठी बहुधा ‘जेसन’ हे स्वरूप निवडले जाते. ते माणसाला वाचता येते आणि जवळपास प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेला त्याचा अर्थ लावता येतो.

पत्त्यात सर्व चिन्हे जशीच्या तशी चालत नाहीत. रिकामी जागा, कंस आणि रोमनेतर अक्षरे टक्केचिन्हांकित रूपात पाठवावी लागतात. रिकाम्या जागेचे ‘%२०’ होते. देवनागरीतील प्रत्येक सांकेतिक अक्षर युटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह व दोन अक्षरे लागतात. त्यामुळे ‘डहाणू’ हा शब्द (ड, ह, काना, ण, दीर्घ उकार अशी पाच सांकेतिक अक्षरे) पत्त्यात ४५ चिन्हांचा होतो, तर ‘तलासरी’ ५४ चिन्हांचा. बाजारभावांच्या या संचातील नावे इंग्रजीत असल्याने तेथे देवनागरी नाव देऊन काही सापडत नाही. परंतु मराठी विकिपीडियाच्या एपीआयला लेखाचे शीर्षक पाठवताना हेच रूपांतर पडद्यामागे घडत असते.

विनंती पाठवताना होणाऱ्या चुका

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पूर्ण पत्ता ब्राउझरच्या पट्टीत लिहिणे. तसे केल्यास उत्तर पडद्यावर उमटते. मात्र त्याबरोबर एपीआय-की ब्राउझरच्या इतिहासात नोंदली जाते. शाळेच्या किंवा सायबर कॅफेच्या सामायिक संगणकावर हे टाळणे श्रेयस्कर.

आज्ञावलीच्या खिडकीतून विनंती पाठवण्यासाठी ‘कर्ल’ हे साधन सर्वत्र वापरले जाते. येथे नवशिक्याला दोन सापळे भेटतात. पत्ता अवतरणचिन्हांत न ठेवल्यास लिनक्स किंवा मॅकवरील शेल ‘&’ या चिन्हापाशी आज्ञा तोडतो. पहिला तुकडा पार्श्वभूमीत चालू लागतो आणि स्वरूप, मर्यादा, निवड हे सर्व घटक सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाहीत. की पहिल्या जोडीत असेल तर उत्तर येतेही, पण ते भलतेच असते. चूक लक्षात न येण्याचा हा वाईट प्रकार होय. दुसरा सापळा चौकोनी कंसांचा आहे. कर्ल अशा कंसांना अंकांचा पल्ला समजते आणि विनंती पाठवण्याआधीच पल्ला चुकल्याची तक्रार करते. ‘उणे जी’ हा पर्याय दिल्यास कंस जसेच्या तसे राहतात.

पायथन भाषेत ‘रिक्वेस्ट्स’ या ग्रंथालयाला नाव-मूल्य जोड्यांचा कोश दिला की रूपांतराचे काम ते स्वतः करते. म्हणून हाताने पत्ता जोडण्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. जुन्या किंवा बॅटरी उतरलेल्या संगणकावर तारीख चुकीची असल्यास सुरक्षित जोडणीच प्रस्थापित होत नाही, कारण प्रमाणपत्राची मुदत त्या संगणकाला संपलेली किंवा अद्याप सुरूच न झालेली दिसते. अशा वेळी दोष कीमध्ये शोधणे व्यर्थ असते.

सर्व्हरचे उत्तर

प्रत्येक उत्तराच्या आरंभी तीन अंकी स्थितिक्रमांक असतो. २०० म्हणजे विनंती मान्य झाली. ४०० म्हणजे विनंतीची मांडणीच सदोष आहे. ४०१ या क्रमांकाचे इंग्रजी नाव ‘अनऑथराइज्ड’ असे फसवे असले, तरी त्याचा अर्थ ओळख पटली नाही असा आहे. की दिलीच नाही, चुकीची दिली किंवा चुकीच्या जागी दिली, असा त्याचा रोख असतो. ओळखीनंतरही अधिकार नसल्यास ४०३ येतो. ४२९ हा क्रमांक एप्रिल २०१२ मध्ये प्रमाणित झाला आणि तो फार थोड्या वेळात फार विनंत्या केल्याचे सांगतो. अशा वेळी थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो, लगेच पुन्हा विनंती पाठवल्यास परिस्थिती बिघडते. ५०० व त्यापुढील क्रमांक सर्व्हरकडील दोष दाखवतात.

सर्वच सेवा हे संकेत काटेकोरपणे पाळत नाहीत. काही सेवा ‘२००’ देऊन मजकुरात चुकीचा संदेश ठेवतात. म्हणून प्रोग्रॅमने क्रमांक आणि मजकूर दोन्ही तपासणे आवश्यक असते.

उत्तराचे वाचन

विनंती यशस्वी झाली म्हणजे माहिती बरोबर वाचली गेली असे नव्हे. बाजारभावांच्या उत्तरात ‘टोटल’ आणि ‘काउंट’ अशा दोन संख्या असतात. पहिली संख्या निवडीत बसणाऱ्या एकूण नोंदींची, दुसरी प्रत्यक्ष हाती आलेल्या नोंदींची. नमुना-की वापरून मागवलेल्या दहा नोंदींनाच संपूर्ण राज्याचे चित्र समजून सरासरी काढल्यास येणारा आकडा निरर्थक असतो, तरी तो दिसायला अगदी नेटका असतो. टोटल ही संख्या काउंटपेक्षा मोठी असेल, तर ऑफसेट वाढवत उरलेल्या नोंदी टप्प्याटप्प्याने मागवाव्या लागतात.

दुसरी अडचण नावांची आहे. फिल्टरमधील नाव तक्त्यातील नावाशी जुळावे लागते. शेतमालाचे नाव तक्त्यात वेगळ्या स्पेलिंगने किंवा कंसातील पर्यायी नावासह असेल, तर अंदाजाने लिहिलेला ‘चिकू’ काहीच शोधून देत नाही. म्हणून आधी फक्त राज्याची निवड करून थोड्या नोंदी मागवाव्यात आणि त्यात नाव कसे लिहिले आहे ते पाहून तेच वापरावे. गावाच्या नावाने शोध घेण्याचा तर उपयोगच नसतो. आगर, घोलवड किंवा उंबरगावच्या वाटेवरील एखादे गाव शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, कारण तक्त्यात गाव हा स्तंभच नाही. नोंद असते ती बाजाराची. जिल्ह्याच्या बाबतीतही सावध राहावे लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या भावांचा जुना संच हाताळताना डहाणू व तलासरी ठाण्याच्या नावाखालीच शोधावे लागतील.

यापेक्षा सूक्ष्म प्रश्न रिकाम्या उत्तराचा आहे. स्थितिक्रमांक २००, पण नोंदी शून्य, असे उत्तर आले तर त्या दिवशी चिकूला भाव नव्हता किंवा विक्री झाली नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. हा संच बाजार समित्यांनी कळवलेल्या व्यवहारांचा आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांचे समितीच्या आवाराबाहेरील व्यवहार नियमनातून मुक्त केले. वाडीतून थेट व्यापाऱ्याला दिलेला माल अशा तक्त्यात उमटेलच असे नाही. बागायतदाराच्या घरातील एखाद्या विद्यार्थ्याने या उत्तरावरून घरी सल्ला द्यायचा ठरवला, तर एपीआयच्या तांत्रिक बाजूपेक्षा ही मर्यादा समजणे त्याला अधिक उपयोगी पडते. बाजारातील दरातून तोडणी, वाहतूक, हमाली, अडत वजा झाल्यावर बागेत किती उरते, हेही तक्ता सांगत नाही.

आकड्यांचे रूपही तपासावे लागते. जेसनमध्ये दर अवतरणचिन्हांत आला असेल तर प्रोग्रॅम त्याला संख्या न मानता अक्षरमालिका मानतो, आणि अक्षरक्रमाने पाहता ‘९००’ हा ‘१०००’ पेक्षा मोठा ठरतो. दर क्विंटलचा असल्याने किलोमागे दर काढण्यासाठी १०० ने भागावे लागते; उदाहरणार्थ, सर्वसाधारण दर २,५०० असेल तर तो किलोमागे २५ रुपये होतो. तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने असल्यास महिना आधी मानणारी साधने पाच जूनचे सहा मे करून टाकतात आणि कोणतीही तक्रार करत नाहीत.

प्रमाणीकरणाच्या अन्य पद्धती

पत्त्यात की ठेवणे ही सोपी, परंतु दुबळी पद्धत आहे. एचटीटीपीएस जोडणीत वाटेतल्या कोणाला संपूर्ण पत्ता वाचता येत नसला, तरी दोन्ही टोकांना तो उघडा असतो व सर्व्हरच्या नोंदवहीत साठतो. म्हणून अनेक सेवा की शीर्षभागात मागतात. बेसिक पद्धतीत नाव व परवलीचा शब्द ‘ऑथरायझेशन’ या शीर्षात बेस-६४ रूपात जातात. बेस-६४ हे गूढलेखन आहे असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः ते केवळ लिहिण्याचे दुसरे वळण आहे आणि कोणालाही क्षणात उलटवता येते. ‘बेअरर’ पद्धतीत त्याच शीर्षात टोकन पाठवतात. नावाप्रमाणे ते धारकाचे असते. ज्याच्या हाती टोकन तो अधिकृत, जसे धारक धनादेशाचे पैसे तो सादर करणाऱ्याला मिळतात. त्यामुळे अशा टोकनांची मुदत सहसा अल्प ठेवली जाते.

मराठी विकिपीडियाचा एपीआय या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. लेख वाचण्यासाठी खाते किंवा की लागत नाही. फक्त विनंती करणाऱ्या प्रोग्रॅमने शीर्षभागात आपला परिचय द्यावा अशी अपेक्षा असते. संपादनासाठी मात्र लॉग-इन टोकन मिळवणे, प्रवेश करणे, कुकी जपणे आणि त्यानंतर संपादनाचे स्वतंत्र टोकन मागणे अशी साखळी पार पाडावी लागते. प्रवेश न करताच संपादन-टोकन मागितल्यास ‘+\’ एवढीच दोन चिन्हे परत येतात. त्यांना बिघाड समजण्याचा मोह होतो, परंतु प्रवेश न केलेल्या वापरकर्त्याचे ते खरेच टोकन असते. कुकी हरवल्याची ती हमखास खूण आहे.

कीची गोपनीयता

एपीआय-की प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून तो प्रोग्रॅम गिटहबसारख्या सार्वजनिक ठिकाणी चढवणे ही विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक आहे. सार्वजनिक मजकुरातून कीच्या आकाराच्या अक्षरमालिका वेचणारे स्वयंचलित प्रोग्रॅम सतत फिरत असतात. चूक कळल्यावर नव्या आवृत्तीतून की पुसून भागत नाही, कारण गिट पूर्वीच्या सर्व आवृत्त्या जपून ठेवते व की तेथे कायम असते. अशा वेळी प्रथम सेवेच्या खात्यातून जुनी की रद्द करावी आणि नवी घ्यावी. इतिहासाची साफसफाई त्यानंतरची. की परिसर-चलात किंवा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून ती फाइल गिटच्या दुर्लक्ष-यादीत घालण्याचा प्रघात यासाठीच आहे. मदत मागताना चुकीच्या संदेशाचा पडदाचित्र पाठवणाऱ्यांच्या हातून की निसटते ती निराळीच. चित्रात वरच्या बाजूला पूर्ण पत्ता दिसत असतो.

बाजारभावांची की फुटली तर फारसे नुकसान होत नाही, वापराची मर्यादा दुसराच कोणी संपवतो इतकेच. मात्र तीच सवय पैसे आकारणाऱ्या नकाशा-सेवेच्या किंवा मेघ-सेवेच्या कीबाबत राहिल्यास देयक खातेदाराच्या नावावर येते. दुसऱ्याचा परवलीचा शब्द किंवा अन्य विशिष्ट ओळखचिन्ह लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-सी अन्वये गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने अधिनियमात आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले.